काळजाच्या कॅसेटी

डॉक्टरीणबाईंच्या गळ्यात कानाला लावायची नळी क्वचित असायची. असायची ती शिंप्याची टेप. पिवळी, टोकाला पितळी पट्टी असलेली. त्यामुळं बीदरच्या त्या दवाखान्यात पहिल्यांदा आलेली बाई हमखास शेजारणीला विचारायची, "इथं झंपर पण शिवतात का?" मीही विचारलं होतं. माझ्या शेजारी आमच्या घरमालकीण अक्का बसल्या होत्या. त्या तोंडाला पदर लावून हसल्या आणि म्हणाल्या, "हौ, आन लेकरं बी इथंच बेतून देत्यात."

टेप त्या पोटावर लावायच्या, वरून खाली. आकडा कधी मोठ्यानं सांगायच्या नाहीत, नुसते ओठ हलायचे. ओठ हलले की ठीक. ओठ मिटलेले राहिले की टेबलावरच्या बाईला दरदरून घाम फुटायचा.

मला लिहायची सवय नाही. पाचवीत शाळा सुटली. आई अंथरुणाला खिळली आणि धाकट्यांना सांभाळायला मी घरी राहिले, ती राहिलेच. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. लग्नानंतर मालकांना रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचं काम मिळालं, ते थेट मन्नाएखेळ्ळीच्या बाजूला, हायवेवर. आम्ही बीदरला मैलूरमध्ये अक्कांची एक खोली घेतली. मालक शनिवारी यायचे आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत कामावर जायचे. मधले सगळे दिवस मी एकटी. कन्नड येत नव्हतं. इथली मराठी कळायची, पण मी तोंड उघडलं की नळावरच्या बाया एकमेकींकडं बघून हसायच्या. त्यातच मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, पण माझी आई तोवर राहिली नव्हती आणि आईशिवायच्या घरात कुणाच्या भरवशावर जायचं? म्हणून अक्का मला बाईंकडं घेऊन आल्या.

बाईंनी आम्हाला कधी नावानं हाक मारली नाही. गावानं मारायच्या. "ए निर्णा, आत ये." "मन्नाएखेळ्ळी, तुझा डबा कुठाय?" एकदा निर्ण्याच्या दोघी एकाच वेळी यायला लागल्या, तेव्हा बाईंनी एक मोठी निर्णा आणि एक धाकटी निर्णा केली. धाकटी खरं तर वयानं मोठी होती. ती बाळंत होईपर्यंत रुसलेलीच राहिली. मैलूरच्या बऱ्याच जणी आधीपासून येत होत्या, म्हणून मी 'नगर' झाले. माझं गाव जिथं कुणाला ठाऊक नाही, तिथं भरल्या ओळीत कुणीतरी "नगर!" म्हणून ओरडतं, याचं मला काय वाटायचं ते सांगता येत नाही. मी पटकन उठायचे, जसं काही गावाकडून कुणी आलंय.

रागावायच्या मात्र तीन भाषांत. साधा राग मराठीत. त्याच्या वरचा दखनीत, "क्या जी, दिमाग घर में रख को आई क्या?" आणि खरा राग कन्नडमध्ये. ओळीतल्या बाया एकदम गप्प झाल्या की मला कळायचं, आता कन्नड चाललंय. मी आपली भिंतीकडं बघत बसायचे.

बाई तिथल्याच होत्या. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबलेले. छप्पन सालानंतर त्यांच्या घरानं बौद्ध धर्म घेतला, तेव्हा बाई लहान होत्या. हे मला अक्कांनी सांगितलं, बाई स्वतःबद्दल चकार शब्द काढत नसत. एकदा मोठ्या घरातली एक म्हातारी सुनेला घेऊन आली. सून टेबलावर, टेप पोटावर, आणि म्हातारीनं गोड आवाजात विचारलं, "बाई, तुमी कुणाच्यातल्या म्हणायच्या?" बाईंनी मानसुद्धा वर केली नाही. "थांबा माय. मी कुणाची ते मागून सांगते. आधी तुमचं नातवंड वाढायलंय का न्हाई ते बघू द्या." पुढं त्याच म्हातारीनं बाईंसाठी हुरडा पाठवला होता. बाईंनी तो ओळीतल्या सगळ्यांना वाटून टाकला.

लग्न केलं नव्हतं. साडी नेहमी सुती, पायात पुरुषांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. आणि सगळ्या बीदरमध्ये ज्याची चर्चा होती ते त्यांचं यंत्र.

ते त्यांनी हैदराबादहून कुणाचं तरी जुनं आणलं होतं. पावडरच्या डब्याएवढा एक तुकडा पोटावर तेल लावून फिरवायचा. तो वायरीनं एका पेटीला जोडलेला, आणि पेटीला भोंगा. पोटातल्या बाळाचं काळीज सगळ्या खोलीला ऐकू यायचं, घोडं पळाल्यासारखं. पेटीला आणखी एक वायर होती, ती कॅसेटच्या रेकॉर्डरला जायची. बाई प्रत्येकीच्या बाळाचं काळीज भरून घ्यायच्या. दर खेपेला. संध्याकाळी भाकऱ्या थापताना त्या कॅसेटी घरी लावून ऐकायच्या. त्यांच्या गल्लीतली पोरं सांगायची, डॉक्टरीणबाईच्या घरात दिवे लागले की घोडे सुटतात.

कोऱ्या कॅसेटी त्यांना पुरायच्या नाहीत, म्हणून सिनेमाच्या गाण्यांच्या जुन्या कॅसेटींवरच त्या काळजं भरायच्या. एखादीच्या बाळाचं काळीज संपलं की पाठोपाठ मागचं गाणं सुरू व्हायचं. मोठ्या निर्ण्याच्या सासूनं एकदा ते ऐकलं आणि आपला नातू पोटातच गायला लागला असं गावभर करून टाकलं.

दवाखान्यातले बाकीचे डॉक्टर हसायचे. एकजण तर आमच्यासमोरच म्हणाला, "काय बाई, आज कुठली गाणी?" बाई म्हणाल्या, "पुस्तक वाचून मला कळंना, म्हणून कानाला शाळेत घातलंय." मग आमच्याकडं वळून त्यांनी ते समजावलं. दर आठवड्याला समजावायच्या, जसं काही आम्हालाही परीक्षेला बसायचंय.

"पोटातलं चांगलं लेकरू कसं आसतंय? गल्लीत खेळल्यावानी. पळतंय, दम खातंय, परत पळतंय. हात-पाय हालवले की काळीज धावतंय. निजलं की हळू चालतंय. आन ज्याला आतून खायला पुरंना, ते आधी खेळणं सोडतंय. मग त्याचं काळीज कसं चालतंय? एकसारखं. घड्याळावानी. तुमी म्हणता, किती छान चालायलंय. मला घड्याळ नको बायांनो."

झोपलेलं बाळ आणि खेळणं सोडलेलं बाळ यांतला फरक कळावा म्हणून त्यांनी आणखी एक गोष्ट ठेवली होती. सायकलची घंटी. पोटावर टेकवून ट्रिंग ट्रिंग वाजवायच्या आणि भोंग्याला कान द्यायच्या. आतलं बाळ दचकून पळायला लागलं की बाईंचा चेहरा फुलायचा. "उठलं बघ गुलाम!" बाहेर पायरीवर बसलेले नवरे मात्र घंटी ऐकून उगाच बाजूला सरकायचे, सायकल आली म्हणून.

आता माझ्यावरचा प्रसंग.

अक्कांची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणात गेली होती. मूल मोठं होतं, अडलं. बैलगाडीत घालून बीदरला आणेपर्यंत दोघंही गेली. तेव्हापासून अक्कांच्या मनानं एकच घेतलं होतं. पोटुशी बाईनं पोटभर खायचं नाही. लेकरू बारीक राहू द्यायचं, सुखरूप बाहेर आलं की काय वाढवायचं ते वाढवता येतं. त्या एकट्याच नव्हत्या, त्या भागात बऱ्याच घरांत असं धरायचे. सातवा लागल्यापासून अक्कांनी माझी भाकर अर्धी केली, दूध बंद केलं. आणि हे त्या करत होत्या कशा? माझ्या पायांना तेल चोळून, डोक्याची वेणी घालून, मला पाण्याची घागर उचलू न देता. आईच्या जागी मला त्याच होत्या. त्यांनी वाढलं तेवढं मी खाल्लं आणि देवाचे आभार मानले की अशा मुलखात असं माणूस मिळालं.

आषाढ लागला तेव्हा बाईंचे ओठ हलायचे थांबले. टेप परत लावली, परत मिटलेले. त्या अक्कांकडं वळल्या.

"महिने कसे मोजलेत?"

"दिवाळीचं न्हाणं झालं, तवापासून बाहेर बसली न्हाई," अक्का म्हणाल्या. "मार्गशीर्षात येळ अमावास्येला शेतात भज्जी खाऊन सगळी वकली. मोजायला चूक न्हाई, बाई."

"मग महिने बराबर हायत. लेकरूच मागं राहिलंय." बाईंनी माझ्याकडं बघितलं. "डबा उघड, नगर."

डबा उघडून दाखवायचा हा तिथला नियमच होता. दुपारी ओळीतल्या प्रत्येकीनं बाईंसमोर जेवायचं. माझा डबा भरलेला असायचा, अक्का तो दाखवण्यापुरता भरून द्यायच्या, आणि गर्दीत मी किती खाल्लं ते तोवर कुणी बघितलं नव्हतं. दोन भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगांची चटणी. मी जेवायला बसले. हात आपोआप गेला, भाकरी मधोमध मोडली आणि एक अर्धी उचलून मी झाकणात बाजूला ठेवली. मला कळलंसुद्धा नाही.

"ती कामून बाजूला ठिवलीस?"

मी झाकण जवळ ओढलं.

"रोज आसंच करायलीस?"

मी अक्कांकडं बघितलं. अक्का बोलल्या, ताठ मानेनं बोलल्या, "मी सांगितलंय. लेकरू बारीक राहिलं तर सुटंल. माझ्या बहिणीवानी हिचं होऊ देणार न्हाई मी."

मला वाटलं, आता कन्नड सुरू होणार. झालं नाही. बाई खुर्चीवर बसल्या. थोडा वेळ त्यांनी गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली, सोडली, गुंडाळली. मग म्हणाल्या, "तुझी बहीण लेकराच्या आकारानं न्हाई गेली, अक्का. वाट लांब होती म्हणून गेली. आज आपण दवाखान्यातच बसलोय."

झाकणातली अर्धी भाकर अक्कांनी स्वतःच्या हातानं परत माझ्या डब्यात ठेवली.

मला तिथंच ठेवून घेतलं. डाव्या कुशीवर पडायचं, खायचं आणि रोज पेटीसमोर पोट द्यायचं. अक्का घरून दूध आणायच्या, शेंगदाण्याचे लाडू आणायच्या, आणि मला खाताना बघत बसायच्या. त्यांच्या तोंडाकडं बघवायचं नाही. भीतीनं मी समोर येईल ते खात होते. भोंग्यातून माझ्या बाळाचं काळीज यायचं, टप टप टप टप, इतकं नीट, इतकं सरळ. वॉर्डातल्या बाया म्हणायच्या, "किती छान चालायलंय गं!" आणि मी तोंड भिंतीकडं करायचे.

मग एक सकाळ. बाईंनी घंटी टेकवली, वाजवली. भोंग्यात काही फरक नाही. परत वाजवली. नाही. माझं पोट जरा कडक झालं, तेव्हा तर तो आवाज खाली खाली गेला, अगदी हळू, आणि पोट सैल झाल्यावरसुद्धा बराच वेळ वर आला नाही. आला तेव्हा पुन्हा तसाच, सरळ.

बाईंनी पेटी बंद केली नाही. "आजच काढावं लागंल," म्हणाल्या. "पोटातून."

मालकांना निरोप द्यायला त्यांनी हायवेनं हुमनाबादकडं जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरला सांगितलं. तो निरोप पोचणार कधी आणि मालक येणार कधी? अक्का मधे उभ्या राहिल्या. "मालक न्हाई, सासू न्हाई, आन पोट फाडणार? काळीज तर चांगलं चालू हाय! मलाबी ऐकू येयलंय की, मी काय भैरी हाय? महिने बी भरले न्हाईत."

"ऐकू येयलंय?" बाई म्हणाल्या. "मग बस. नीट ऐक."

त्यांनी रेकॉर्डरमध्ये एक कॅसेट घातली. "ही मन्नाएखेळ्ळी. आठव्यातच." सुरू केली. घोडं पळत होतं, मधेच उधळत होतं, जरा रमत होतं, पुन्हा दौडत होतं. मग ती काढून दुसरी घातली. "ही नगर. आत्ताची."

टप टप टप टप.

अक्का वाकून भोंग्याजवळ गेल्या. डोळे मिटले. बाईंनी पुन्हा पहिली लावली, पुन्हा दुसरी. तिसऱ्यांदा लावायला निघाल्या तसा अक्कांनी त्यांचा हात धरला.

"बास करा," अक्का म्हणाल्या. "दमलंय ते. चालायलंय, पण दमलंय."

बाईंनी हात सोडवून घेतला नाही. आणि मग जे बोलल्या ते मी इतक्या वर्षांत कुणा डॉक्टरच्या तोंडून परत ऐकलं नाही. "मला बी भ्या वाटायलंय, अक्का. माझं चुकलं असंल तर लेकरू कच्चं बाहेर येईल. जगंल का न्हाई, सांगता येणार न्हाई. आन चुकलं नसंल, आन आपण नवऱ्याची वाट बघत बसलो, तर हातात गेलेलं लेकरू येईल. कालपर्यंत चांगलं होतं, आसं म्हणत बसलेल्या बाया मी लई बघितल्या." मग त्या माझ्याकडं वळल्या. "पोट तुझं हाय. तू सांग, नगर."

मला आजवर कुणी कधी काही विचारलं नव्हतं. शाळा सोडतेस का, लग्न करतेस का, इतक्या लांब जातेस का, काहीच नाही. अक्कांकडं बघितलं तर त्या खाली बघत होत्या, मला मोकळं सोडून. कुठून बळ आलं माहीत नाही.

"काढा, बाई," मी म्हणाले. "बाहेर आलं तर मी खाऊ घालीन."

पोरगी झाली. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी, कातडी सुरकुतलेली, म्हाताऱ्या माणसासारखं कपाळ. आधी रडलीच नाही. मग मांजराच्या पिल्लासारखा आवाज काढला. बाईंनी तिला कापसात गुंडाळून आधी अक्कांच्या हातात दिलं, कारण मी गुंगीत होते. पुढचे कितीतरी दिवस ती कधी माझ्या छातीशी, कधी अक्कांच्या, अशीच अंगाच्या उबेत राहिली. ओढून प्यायची ताकद नव्हती. मी दूध काढून द्यायचे, अक्का बोंडल्याच्या चोचीतून थेंब थेंब सोडायच्या आणि प्रत्येक थेंबाला म्हणायच्या, "खा माय, खा." मालक दुसऱ्या दिवशी आले, हाताला डांबर तसंच. दारात उभे राहून त्यांनी पोरीकडं बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागं नेले. बाई म्हणाल्या, "रोलरवाले, रॉकेलनं हात पुसा, साबणानं धुवा, आन घ्या की. पळून जाणार न्हाई ती." त्यांनी धुतले. तीनदा धुतले. तरी घेतलं नाही, नुसतं एक बोट तिच्या टाचेला लावलं.

त्या दिवसांत बाई रोज यायच्या, पोरीला तराजूत घालायच्या, आणि ओठ हलवत निघून जायच्या. आभार मानायला तोंड उघडलं की, "हो बाजूला, मागची खोळंबलीय."

पोरगी वर्षाची व्हायच्या आत तिकडचं रस्त्याचं काम संपलं आणि मालकांना गुजरातेत काम मिळालं. जायच्या आदल्या दिवशी मी तिला घेऊन दवाखान्यात गेले. अक्कांनी तिला नवं झबलं शिवलं होतं. नेहमीसारखी ओळ होती. बाई एका नव्या मुलीचं पोट मोजत होत्या. मी बाजूला उभी राहिले. काय बोलायचं ते रात्रभर जुळवलं होतं, तिथं एक शब्द आठवेना. वाटलं, कामाच्या वेळी आलो, रागावतील. परत फिरावं.

तेवढ्यात त्यांनी बघितलं. हातातलं काम ठेवून आल्या. माझ्याकडून पोरीला घेतलं, झबल्याची नाडी सोडली आणि आपला कान थेट तिच्या छातीला लावला. ना नळी, ना पेटी. डोळे मिटून उभ्याच राहिल्या. पोरीनं मुठीत बाईंचे केस धरले, अर्धे पांढरे झालेले, आणि जोरात ओढले. बाईंनी सोडवले नाहीत. ती हसली, पाय झाडले, बाईंच्या खांद्यावर लाळ गाळली, तरी कान तिथंच.

मग त्यांनी हळूच तिची मूठ उघडली, नाडी बांधली, तिला माझ्याकडं दिलं, आणि ओळीकडं तोंड करून हाक मारली, "चला, पुढची कोण हाय?"